उरलेलं प्यादं

ओजिमा, कोतो-कु, तोक्यो
२४ नोव्हेंबर १९९७

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण आमच्या या दांचीतल्या दोन खोल्यांत आडवं व्हायला जागा नाही. दांची म्हणजे सरकारी चाळच, फक्त लिफ्ट असलेली. तेव्हा उभ्याउभ्याच घे.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. दचकू नकोस, मी भांडायला लिहीत नाही. भांडायचं असतं तर अप्पांचं तेरावं उरकल्यावर तुझं कार्ड आलं तेव्हाच भांडले असते. 'अप्पा गेले. तू येऊन काही उपयोग नव्हता.' एवढंच होतं त्यावर. ते वाचलं तेव्हा मी स्टेशनजवळच्या डब्यांच्या दुकानात कामाला निघाले होते. अशा तासाच्या कामाला इथं बाइतो म्हणतात. गेले, दिवसभर भाताचे डबे भरले आणि घरी येऊन रडले. उदय म्हणाला, "तिकीट काढू का?" मी म्हटलं, "आता कुणाला भेटायला?"

असो. जुनं उकरायचं नाही असं ठरवून बसले आणि बघ, पहिल्याच पानावर उकरलं.

सांगलीत माझं नाव काय झालंय ते मला ठाऊक आहे. अनुराधा कळवते. माझी शाळेतली मैत्रीण, अप्पांच्या स्मृती-स्पर्धेला दरवर्षी पुढच्या रांगेत बसते तीच. तू बुद्धिबळ मंडळाचा अध्यक्ष म्हणून उभा राहतोस आणि डोळे टिपत म्हणतोस, "या मंडळाची शान ठरला असता असा आमच्या पणजोबांचा बुद्धिबळाचा संच आपल्याच माणसानं परदेशी नेला." नाव मात्र घेत नाहीस. केवढं मोठं मन!

तो संच तुझ्याही डोळ्यांसमोर असेल. कंपनी सरकारच्या काळातला, लाकडात कोरलेला, वर लाखेचे रंग. एका बाजूला लाल डगलेवाले गोरे सोल्जर आणि अंबारीत बसलेला त्यांचा साहेब, डोक्यावर उंच काळी टोपी. दुसऱ्या बाजूला हिरव्या पगड्यांचे आपले शिपाई. राजा हत्तीवर, वजीर जरा धाकट्या हत्तीवर, आणि कोपऱ्यांत हत्तीऐवजी बुरूज. अप्पा हिरवे घ्यायचे आणि मला कंपनी द्यायचे. "गोऱ्यांच्या बाजूनं खेळून बघ, म्हणजे ते कुठं चुकतात ते कळेल," म्हणायचे. तुला हाक मारली की तुला नेमकं सायकल काढून कुठंतरी जायचं असायचं. म्हणून एकदा जेवताना सगळ्यांदेखत ते म्हणाले, "हा संच सुचीचा. जो खेळतो त्याचा." तुला ते झोंबलं होतं, नाही? मला तेव्हा कळलंच नव्हतं. मी आपली दुसऱ्यांदा भात वाढून घेत होते.

आणि जपानला निघायच्या आदल्या आठवड्यात अप्पांनी पेटीतून एक हिरवं प्यादं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे परत घेऊन येशील तेव्हाच पट मांडू. तोवर पेटी बंद," म्हणाले. तू दारातच उभा होतास. पुढं दिवाळीत त्यांनी पेटी पुसायला काढली, तर आत नुसतं मखमलीचं अस्तर. तू त्यांना सांगितलंस, "तुम्ही एक दिलंत आणि ती जाताना सगळंच घेऊन गेली." तेव्हापासून माझा आवाज ऐकला की अप्पा फोन खाली ठेवायचे. मला त्यांनी एकच कार्ड पाठवलं. टपालानं डाव खेळायचे तेव्हा कार्डावर नुसती चाल लिहायचे ना, तसं. ना मायना, ना आशीर्वाद. 'ते उरलेलं प्यादंही आता तुझ्याकडेच ठेव.'

ते प्यादं आमच्या टीव्हीवर उभं असतं. नुपूरला वाटतं तिचं खेळणं आहे. परवा तिला विचारलं, हा कोण? तर म्हणाली, "ओजीचान." म्हणजे आजोबा. सहा वर्षांच्या पोरीला मराठीत प्रश्न विचारला की उत्तर जपानीत येतं, त्याला मी काय करू?

आता कामाचं. ओसाकामध्ये निशिओका-सान (सान म्हणजे आपलं 'राव') नावाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांना जुन्या हिंदुस्थानी बुद्धिबळाचं वेड आहे. अप्पांविषयी मी सांगितलं, तर त्यांना आपल्या मंडळाला एक जुना संच भेट द्यायचा आहे. फेब्रुवारीत स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला स्वतः येतो म्हणतात. बोलावशील का त्यांना? माझं नाव कुठं छापू नकोस. त्यानं तुझी अडचण व्हायची.

आणि एक. वहिनींकडून भाजणीचं प्रमाण घेऊन पाठव. त्यांच्या भाजणीची अलीकडे फार आठवण येते.

तुझी धाकटी,
सुचेता

*

ओजिमा
१८ डिसेंबर १९९७

ती. दादास,

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांत मला चार ओळी लिहिल्या नाहीस आणि जपानी पाहुणा म्हटल्यावर चार पानं! त्यातली साडेतीन सत्काराच्या बेताची. फेटा, शाल, सनई, गणपतीचं दर्शन, वर्तमानपत्रवाले. सगळं कर. हौसेला मोल नसतं. फक्त सनईवाल्याला सांग, पाहुण्यांचे कान नाजूक आहेत.

निशिओका-सान कोण, काय करतात, विचारलंस. यंत्रमाग विकायचे. त्या धंद्यात इचलकरंजीला पुष्कळ वेळा आलेले आहेत, त्यामुळं तिखट खातात आणि "बसा बसा" एवढं मराठी येतं. बायको वारली आहे. मोठ्या घरात एकटे राहतात आणि संध्याकाळी शेजाऱ्याशी शोगी खेळतात. शोगी म्हणजे इथलं बुद्धिबळ. त्यात एक मजा असते. समोरच्याचा मोहरा मारला की तो पेटीत जात नाही, आपल्या बाजूनं पटावर उतरवता येतो. मला तो खेळ फार आवडायला लागलाय.

संच कसा आहे, किमती आहे का, हेही विचारलंस. लाकडी आहे, जुना आहे, आपल्याच बाजूचा आहे. जास्त सांगत नाही. पेटी उघडताना तुझा चेहरा बघायची त्यांना इच्छा आहे, माझ्यामुळं तिच्यावर विरजण नको.

दोन-तीन गोष्टी मात्र सांभाळ. जुन्या खेळाडूंना आवर्जून बोलाव, अप्पांबरोबर खेळलेले जेवढे उरलेत तेवढे सगळे. मोहनकाकांना रिक्षा पाठव, त्यांना आता नीट दिसत नाही. आणि कार्यक्रमपत्रिकेत तुझं भाषण आधी ठेव, पाहुण्यांचं मागून. दरवर्षी करतोस तेच भाषण कर. 'आपल्याच माणसानं परदेशी नेला' ते वाक्य गाळू नकोस. निशिओका-सानना मी त्याचं भाषांतर करून ठेवलंय.

वहिनींनी प्रमाण नीट लिहून पाठवलं, त्यांना सांग. धणे इतके जास्त घालतात हे मला माहीत नव्हतं. रविवारी खिडक्या लावून भाजलं, तरी शेजारच्या बाईनं येऊन नम्रपणे विचारलंच, काही जळतंय का? उदयनं सहा थालीपिठं खाल्ली. मी नुसता वास घेत बसले. तोच वास होता, दादा. अगदी तोच.

सुचेता

*

ओजिमा
३ फेब्रुवारी १९९८

दादा,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. समारंभाच्या दिवशी सकाळी निशिओका-सान तुझ्या हातात देतील. दोन्ही हातांनी देतील आणि वाकतील. तूही वाक. आणि वाचायच्या आधी खोलीचं दार लावून घे.

आज इथं घराघरात भाजलेले सोयाबीन फेकून भुतांना बाहेर हाकलतात. नुपूरनं शाळेतून आणलेली पिशवी घरभर उधळली आणि मला म्हणाली, "आई, तू पण फेक." मी फेकले. पण माझं भूत सांगलीला आहे, त्याला इथून कसं लागणार? म्हणून लिहायला बसले.

गेल्या ऑक्टोबरात ओसाकाच्या एका मोठ्या दुकानात 'इंडिया फेअर' होता. साड्या, अगरबत्त्या, पितळेचे हत्ती आणि चपात्या लाटून दाखवणारी बाई. ती बाई मी. दुकानानं तिकीट दिलं होतं, चार दिवस हजाराच्या वर चपात्या लाटल्या असतील. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच मजल्यावर एका कोपऱ्यात गेले, तिथं कुणाच्या तरी खाजगी संग्रहातले जुने बुद्धिबळाचे संच मांडले होते. शेवटच्या टेबलावर आपला संच होता.

खात्री पटायला मला वेळ लागला नाही. राजाच्या हत्तीचा डावा सुळा तुटका आहे. तो मी सात वर्षांची असताना तोडला होता आणि अप्पांनी मला त्याबद्दल मारलं नव्हतं.

पण संच चुकीचा मांडला होता. चारही हत्ती चार कोपऱ्यांत आणि बुरूज मध्ये. नवखा माणूस हत्ती दिसला की कोपऱ्यातच नेऊन ठेवतो, आपल्याकडंसुद्धा. मला ते बघवेना. मी दोरी ओलांडली आणि राजा, वजीर आपापल्या घरात ठेवायला लागले. हाताला पीठ, अंगावर ॲप्रन. सिक्युरिटीवाला धावत आला. त्याच्यामागून एक म्हातारे गृहस्थ आले, त्याला हातानं थांबवलं आणि मला इंग्रजीत विचारलं, "हे तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "हिरव्यांचं एक प्यादं कमी आहे, हेही माहीत आहे."

ते निशिओका-सान.

त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक शंका विचारली. संच आला तेव्हा अंबाऱ्यांच्या खोबणीत, उंटांच्या मानेखाली एक तपकिरी भुकटी बसली होती. तिला छान वास होता. हिंदुस्थानात लाकडाला कीड लागू नये म्हणून असं काही वापरतात का? त्यांनी ती फेकली नव्हती. औषधाची पुडी बांधतात तशा कागदात बांधून संचाबरोबर ठेवली होती, मोठ्या अक्षरांत 'परंपरागत कीटकनाशक' असं लिहून. माझ्यासमोर उघडली.

वहिनींची भाजणी. चार वर्षांची जुनी, पण धण्याचा वास जात नाही.

आता सांग, तुला सहार विमानतळ आठवतो का? आपल्याकडं परदेशी जाणाऱ्याच्या बॅगेत त्याचं स्वतःचं सामान निम्मंच असतं. कुणाचं लोणचं, कुणाचे पापड, कुणाच्या भाच्याचा स्वेटर. कुणी नाही म्हणत नाही, म्हणायचं नसतं. तू आत सोडायच्या वेळी दोन मोठे डबे माझ्या ट्रॉलीवर ठेवलेस आणि म्हणालास, "सुचे, जाता जाता एवढं घेऊन जा. माझ्या मित्राचा मित्र कोबेला असतो, त्याला आपल्याकडची भाजणी हवीय. तो येऊन घेऊन जाईल. उघडू नकोस हं, किडे होतात." मी काय विचारणार? मोठा भाऊ आणि भाजणी!

नारिताला कस्टमवाल्यानं डबा उघडला. दोन वर्षांची नुपूर माझ्या कडेवर झोपलेली. त्यानं वास घेतला, शिंकला आणि विचारलं, काय आहे? मी हसत सांगितलं, "पीठ. माझ्या वहिनीनं केलंय." त्यानं बोट घातलं असतं तर? आणि त्याच्या आधी सहारलाच कुणी घातलं असतं तर? शंभर वर्षांपलीकडची कोरीव वस्तू देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, हे तुला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर पिठात कशाला पुरली असतीस? मला पोलिसांनी धरलं असतं, कडेवरच्या पोरीसकट. आणि तू काचेपलीकडून हात हलवत उभा होतास. मी वळून वळून बघत होते, कारण मला वाटत होतं तुझे डोळे भरून आलेत.

तो कोबेचा व्यापारी आठवड्यानं ओजिमा स्टेशनवर आला आणि डबे घेऊन गेला. त्या आठवड्यात मला इथलं काही खाववत नव्हतं. रोज त्या डब्यांकडं बघायचे आणि म्हणायचे, एक वाटी काढली तर कुणाला कळेल? पण तू उघडू नको म्हणाला होतास. मी उघडलं नाही. चोर म्हणून जिला सांगलीभर मिरवलीस, तिनं भुकेल्या पोटी तुझं वाटीभर पीठसुद्धा घेतलं नाही.

याचाच मला सगळ्यात राग येतो. तुझ्या लबाडीचा नव्हे. माझ्या त्या बावळट इमानाचा तू उपयोग केलास, याचा. आणि वर अप्पांना सांगितलंस, सुचीनं नेला. खोटं तरी कुठं होतं ते? मीच नेला. माझ्या हातांनी, माझ्या ट्रॉलीवरून. त्या व्यापाऱ्यानं निशिओका-साननाही हेच सांगितलं होतं, घरच्या बहिणीनं स्वतः आणून दिलाय, राजीखुशीचा सौदा आहे. म्हणून ते पुडी उघडून झाल्यावर उठून उभे राहिले आणि मला वाकून म्हणाले, "म्हणजे त्या बहीण तुम्हीच. इतकी वर्षं तुमचे आभार मानायचे राहिले होते."

मी तिथं, त्या साड्यांच्या आणि अगरबत्त्यांच्या गर्दीत, जोरात हसले. लोक बघायला लागले. मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली. नंतर म्हणाले, "शोगीत मारलेला मोहरा दुसऱ्या बाजूनं खेळतो. मला तुमच्या बाजूनं उतरवा."

तर आज ते तुझ्याकडं उतरलेत. पेटीत काय आहे ते तुला आता कळलं.

पोलिसांत जायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. उदय म्हणालाच, "सरळ तक्रार कर ना." पण अप्पा खेळायचे तो जुना देशी डाव त्याला माहीत नाही, तुला निदान बघून तरी माहीत आहे. समोरच्याचे सगळे मोहरे मारून टाकले आणि नुसता राजा उरला, तर बुर्जी होते. डाव बरोबरीत सुटतो. कितीही चांगला खेळलेला असो, जिंकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून अप्पा शेवटचा एक मोहरा मुद्दाम जिवंत ठेवायचे. लोकांना वाटायचं, दया आली. दया कसली? मात करायची असायची, आणि तीही प्याद्यानं. प्यादेमातीला सगळ्यात मान.

तुला तुरुंगात घातलं असतं तर सांगली तुझ्यासाठी हळहळली असती. बहिणीनं भावाला आत टाकलं, असं म्हणाली असती. वहिनी डबा घेऊन आल्या असत्या. ती बुर्जी झाली असती, दादा. मला बरोबरी नको आहे. म्हणून एक मोहरा मी तुझ्याकडं ठेवणार आहे. कुठला, ते मागून कळेल.

आज दुपारी बोलायची पहिली पाळी तुझी आहे. पत्रिकेत तसं छापलंयस. निशिओका-सान तुझ्यामागून बोलतील, आणि ते खोटं बोलत नाहीत. पुडी त्यांच्या कोटाच्या खिशात आहे. तू काय बोलायचं ते तू ठरव.

सुचेता

*

ओजिमा
८ मार्च १९९८

दादा,

तुझं पत्र आलं. त्याकडं मागून येते. आधी समारंभाचं सांगते. तू तिथं होतास, पण सगळा वेळ मान खाली होती म्हणे, तेव्हा बरंच तुला दिसलं नसेल. अनुराधानं फोनवर सांगितलं आणि उरलेलं निशिओका-साननी.

माझं पत्र खिशात घालून तू उभा राहिलास आणि सवयीनं तेच भाषण सुरू केलंस. 'आपल्याच माणसानं' इथपर्यंत आलास. तेवढ्यात निशिओका-साननी पेटी उघडली आणि एकेक मोहरा टेबलावर ठेवायला लागले. यावेळी राजा राजाच्या घरात, वजीर वजिराच्या. मी शिकवून ठेवलं होतं. पुढच्या रांगेतले म्हातारे खुर्च्यांवरून उठले. मोहनकाकांना त्यांच्या सुनेनं हाताला धरून टेबलापाशी आणलं. त्यांनी बोटांनी हत्ती चाचपला, तुटक्या सुळ्यावर बोट थांबलं आणि ते म्हणाले, "हा आमच्या अप्पाचा."

मग तू म्हणालास, "मी विकला. सुचीला माहीत नव्हतं."

मान्य करते, मला वाटलं नव्हतं तू तेवढं नीट बोलशील. मला वाटलं होतं काहीतरी गोलमाल सांगशील आणि निशिओका-साननी पुडी काढल्यावर तुझी फजिती होईल. मी तेवढ्यासाठी चार महिने झोप घालवली होती. पुडी खिशातच राहिली.

आणि लगेच हळहळ सुरू झाली, ती मला वाटली होती तशीच. "असेल काही अडचण." "घरोघरी असतं." "कबूल केलं, हेही थोडं नाही." कुणीतरी टाळ्या वाजवायलाही लागलं होतं म्हणे. तुझी मान जरा वर आली होती. तेव्हा मोहनकाकांनी हत्ती हातात तसाच धरून विचारलं, "नंदू, हे तू अप्पाला कधी सांगितलंस रे?"

तू पाणी प्यालास. ग्लास खाली ठेवलास आणि पुन्हा उचललास. तो रिकामा होता. अप्पा दीड वर्ष त्याच घरात, तुझ्या शेजारच्या खोलीत होते. शेवटचे दोन महिने तूच त्यांना भरवत होतास. रोज सांगता आलं असतं. माझा फोन वाजायचा, ते खाली ठेवायचे आणि तू बघायचास.

वहिनींचा फोन आला होता. फार रडल्या. त्यांच्या हातची भाजणी यात वापरलीस, हे त्यांना तिथं बसल्या जागी कळलं. पुन्हा घरात भाजणी करणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही कशाला सोडता? तुमच्या भाजणीनंच तर मला सगळं सांगितलं." त्यांच्यावर माझा कणभर राग नाही. तुझ्यावर आहे आणि तो कमी झालेला नाही. मला वाटलं होतं होईल.

आता तुझं पत्र. तू अध्यक्षपदाचा राजीनामा दिलास, असं लिहिलंयस. मंडळही घ्यायला तयारच होतं. तो मी थांबवलाय. उदयच्या ऑफिसातून मंडळाला फॅक्स गेलाय, खाली निशिओका-सानची सही. संच मंडळाला भेट, पण एका अटीवर. काचेच्या कपाटाची किल्ली अध्यक्षाकडं राहील आणि अध्यक्ष नंदकिशोरच राहतील. दर रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं तो पट मांडायचा आणि बघायला येणाऱ्यांना संचाची हकीकत सांगायची. नाहीतर संच परत ओसाकाला. मंडळानं मान्य केलंय. संच घालवायची त्यांची छाती नाही.

ती खुर्ची हा तुझा शेवटचा मोहरा. तो मी मारणार नाही, दुसऱ्या कुणाला मारूही देणार नाही.

शेवटी तू लिहिलंस, 'झालं गेलं विसर. ते प्यादं पाठव, संच पुरा होईल आणि अप्पांच्या आत्म्याला शांती मिळेल. भाऊबीजेला घरी ये.'

वाचून मी प्यादं टीव्हीवरून काढून हातात घेतलं. पगडीचा रंग जरा उडालाय, नुपूर तोंडात घालायची लहानपणी. नीट बांधून पाठवावं, असं खरंच एकदा मनात आलं. रविवारी तिथं पोरं जमतील, पट भरलेला दिसेल, अप्पांना आवडलं असतं. मग कपाटातून त्यांचं कार्ड काढलं. 'ते उरलेलं प्यादंही आता तुझ्याकडेच ठेव.' त्यांच्याकडून मला आलेले शेवटचे शब्द तेवढेच आहेत, दादा. दुसरे येऊ शकले असते, तू येऊ दिले नाहीस. हे ज्या खोट्यावरून लिहिलं गेलं ते तुझं होतं, पण अक्षर अप्पांचं आहे. त्यांची आज्ञा मी मोडणार नाही. प्यादं माझ्याकडंच राहील. माझ्यामागं नुपूरकडं राहील.

तेव्हा रविवारी तू पट मांड. हिरव्यांच्या पुढच्या रांगेत एक घर रिकामं राहील. बघायला आलेलं कुणी ना कुणी विचारेलच, काका, यातलं एक प्यादं कुठं गेलं?

त्याला सांग. पहिल्यापासून सांग.

सुचेता